एकच रिव्हॉल्वर, कमरेलाही आणि मॅचलाही? (नागपूर)

इतवारीकर (सोमवार, रात्री १०:४२)
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

सराफा ओळीत आमचं छोटं दुकान आहे. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची दुनळी बारा बोअर बंदूक रीतसर माझ्या नावावर झाली. आता परवान्यावर दुसरं हत्यार चढवायची मंजुरी आली आहे, .३२ रिव्हॉल्वर. खरेदीला मुदत आहे, म्हणून घाई.

दुसरी बाजू अशी की वर्षभरापासून मी क्लबात १० मीटर एअर पिस्तूल मारतोय. ६०० पैकी ५२० च्या आसपास घुटमळतो. पुढे २५ मीटर सेंटर फायर (.३२ सारख्या काडतुसाच्या पिस्तुलाची मॅच) मारायची इच्छा आहे, आणि ते टीव्हीवर दिसतं तसं, धावत जाऊन लोखंडी पाट्या पाडणं, तेही खुणावतं.

२०१९ नंतर एका माणसाला दोनच हत्यारं. एक जागा बाबांच्या दुनळीनं अडवली आहे. म्हणजे जे घेईन त्यातच दोन्ही कामं झाली पाहिजेत, दुकान बंद करून घरी जाताना सोबत ठेवणं आणि मॅच. देशी रिव्हॉल्वरमध्ये निर्भीक, जुना मार्क ३, प्रबळ, का सेकंडहँड काही? वापरणाऱ्यांनी सांगा.

तर्रीबाज (सोमवार, रात्री १०:५१)
पहिला नंबर. चणे घेऊन बसलो.

दहाची_रिंग (सोमवार, रात्री ११:३०)
इतवारीकर, आधी वाईट बातमी. एका रिव्हॉल्वरमध्ये दोन्ही होत नाही. आणि अडचण रिव्हॉल्वरची कमी, काडतुसांची जास्त.

सेंटर फायरच्या मॅचमध्ये ३० गोळ्या प्रिसिजनच्या, म्हणजे सावकाश नेम धरून, आणि ३० रॅपिडच्या, म्हणजे झटपट. साठ झाल्या, वर सायटर, म्हणजे सुरुवातीच्या अंदाज घ्यायच्या गोळ्या, वेगळ्या. तुमच्या परवान्यावर वर्षाला किती काडतुसं लिहिली आहेत ते बघा. माझ्या पहिल्या परवान्यावर एका वेळी २५, वर्षाला ५० होती. म्हणजे वर्षभराचा कोटा घेऊन गेलो असतो तरी एक मॅच पूर्ण झाली नसती. सराव तर सोडाच. जास्तीचा कोटा नेमबाजी असोसिएशनमार्फत, खेळाडू म्हणून मागावा लागतो, आणि त्यासाठी आधी स्कोअर लागतो. कोंबडी आधी की अंडं, तसंच.

आता छोट्या नळीचं. नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात अंतर १० सेंटिमीटर धरा. माशी १ मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी २५ सेंटिमीटर सरकते. प्रिसिजनच्या टार्गेटवर दहाची रिंग ५ सेंटिमीटर व्यासाची, आणि सगळ्यात बाहेरची एकची रिंग ५० सेंटिमीटरची. म्हणजे एका मिलिमीटरच्या चुकीत तुम्ही दहावरून थेट एकच्या काठावर. मॅच पिस्तुलात हे अंतर २२ सेंटिमीटरपर्यंत चालतं, तिथं तीच चूक साधारण ११ सेंटिमीटरची होते. शिवाय मॅचमध्ये एका हातानं मारायचं असतं आणि ट्रिगरचं वजन किमान १ किलो. खिशातल्या रिव्हॉल्वरचा घोडा आधी हातानं चढवून मारलात तरी ट्रिगर त्याच्या दुप्पट जड लागतो, आणि न चढवता नुसता चाप ओढलात तर पाच किलोच्या पुढं.

तर्रीबाज (सोमवार, रात्री ११:३४)
एक गोळी म्हणजे दोन प्लेट तर्री पोहे. साठ गोळ्या म्हणजे आमच्या कॉलनीचा नाश्ता. हलके घ्या.

फौजी_कामठी (मंगळवार, सकाळी ६:१०)
राम राम. २४ वर्षं नोकरी केली, आता कामठीत स्थायिक.

वरच्यांनी मॅचचं सांगितलं, मी कमरेचं सांगतो. इतवारीकर, तुम्ही 'सोबत ठेवणं' असं दोन शब्दांत उरकलं. ते रोजचं ओझं आहे. ७०० ग्रॅमचं रिव्हॉल्वर म्हणजे किती ओझं ते आज करून बघा. अर्ध्या किलोच्या साखरेच्या पुड्यावर २०० ग्रॅमचा पुडा बांधा आणि उजव्या बाजूला पट्ट्यात अडकवून दुकानात आठ तास बसा. गल्ल्यामागं बसायचं, वाकून खालचा ट्रे काढायचा, जिना चढायचा. संध्याकाळी मला सांगा. निम्मे लोक पंधरा दिवसांत ते ड्रॉवरमध्ये टाकतात, आणि ड्रॉवरमधलं हत्यार हे चोराचं हत्यार.

निर्भीक ५०० ग्रॅमचा. २०१४ मध्ये कानपूरच्या फॅक्टरीनं काढला तेव्हा 'महिलांसाठी' म्हणून गाजला, किंमत १,२२,३६०. महिलांसाठी सव्वा लाख! असो. हलका आहे हा त्याचा गुण, आणि हलका आहे म्हणूनच हातात जास्त उसळतो. .३२ चा झटका मुळात सौम्य, त्यामुळे चालून जातं.

मावशी_धरमपेठ (मंगळवार, सकाळी ९:२२)
मला एक कळत नाही. दुकान इतवारीत, घर जवळच असेल. माल लॉकरमध्ये ठेवा, रोकड दिवसा बँकेत भरा, एक माणूस सोबत घ्या. सव्वा लाखात चार चांगले कॅमेरे आणि शटरला सेंट्रल लॉक होतं. पाठीमागून डोक्यात काठी बसली तर कमरेचं रिव्हॉल्वर काय करणार? उलट तेही घेऊन जातील.

इतवारीकर (मंगळवार, सकाळी १०:०५)
मावशी, कॅमेरे आहेत, लॉकही आहे. पण तीन वर्षांपूर्वी आमच्याच ओळीतल्या एकाला रात्री बॅगेसकट अडवलं होतं. त्यानंतर घरचे रोज साडेनऊला दारात उभे असतात. तुमचा मुद्दा खोटा नाही, फक्त आईला तो पटवून द्यायला तुम्ही या.

मावशी_धरमपेठ (मंगळवार, सकाळी १०:२०)
येते की. चहा पाजा.

काळाकोट (मंगळवार, दुपारी १:४५)
जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे, थोडक्यात.

परवाना म्हणजे हत्यार मिरवायची मुभा नव्हे. २०१६ च्या शस्त्र नियमांत स्पष्ट आहे की सार्वजनिक ठिकाणी हँडगन नेताना ती अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये हवी, पूर्ण झाकलेली हवी आणि तुमच्या ताब्यात हवी. पँटमध्ये नुसती खोचणं त्यात बसत नाही. शाळा-कॉलेजचं आवार, जत्रा, मिरवणूक, सभा इथं न्यायची नाही, ते परवान्याच्या अटींतच छापलेलं असतं. उलटवून वाचा, कुणी वाचत नाही. आणि लग्नात हवेत बार काढणाऱ्या हौशींसाठी २०१९ च्या दुरुस्तीत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

स्वसंरक्षणाचा हक्क आता भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. गरजेपेक्षा जास्त इजा केली की तो हक्क तिथंच संपतो. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातलीत तर मला फोन करू नका. म्हणजे करा, पण फी आगाऊ.

पुणेकर_परागंदा (मंगळवार, दुपारी २:०३)
आमच्याकडे चोर दुपारी एक ते चार येतच नाहीत.

तर्रीबाज (मंगळवार, दुपारी २:०५)
तेव्हा तुमची दुकानं बंद अन् आमच्याकडं ऊन. दोन्हीकडं चोर उपाशीच.

उमरेडचा_शेतकरी (मंगळवार, रात्री ८:४०)
भाऊ, माह्याजवळ बारा बोअर हाय, अन् सासऱ्याचा जुना रिव्हॉल्वर आता साल्याच्या नावावर हाय. त्याची गोष्ट सांगतो.

मे महिन्यात साला तो रोज कमरेले बांधून बँकेत जाये. नागपूरचं ऊन तुमाले माहीतच हाय, २०१३ मध्ये ४७.९ पर्यंत गेलं होतं. बनियन पिळून घ्या असा घाम. सांजच्याले आला का रिव्हॉल्वर चामड्याच्या कव्हरासकट कपाटात ठेवून दे. पाऊस लागल्यावर काढला तं नळीवर अंगठ्याचा ठसा! गंजाचा, रेषा-रेषा सकट. पोलिसाले बोट द्यायची गरज नाही, छापूनच ठेवला होता. अन् काडतुसाच्या पितळेवर हिरवा चिकट थर. कंबरपट्ट्याच्या फासात दोन महिने राहिले होते ते. काही चेंबरमंधी जाऊनच नाही राहिले.

तं माहं म्हणणं एवढंच, कव्हर नेयासाठी हाय, ठेवासाठी नाही. रात्री कपड्यानं पुसा, तेलाचा हात फिरवा, उघडाच कुलपात ठेवा.

दहाची_रिंग (मंगळवार, रात्री ९:१५)
शेतकरी दादांना शंभरपैकी शंभर. कमावलेल्या चामड्यातली रसायनं आणि पितळ यांचं जमत नाही. हा थर खरवडून ते काडतूस वापरायचा मोह टाळा, बाजूला काढा आणि दुकानदाराला विचारा.

शंकासुर (मंगळवार, रात्री ९:४०)
एक बाळबोध शंका. .३२ च का? सिनेमात सगळे .३८ बोलतात.

फौजी_कामठी (मंगळवार, रात्री १०:००)
कारण तुम्हाला तेच मिळतं. सैन्य-पोलिसांचे जे बोअर (नळीच्या भोकाचं माप), उदाहरणार्थ .३८० आणि ९ मिलिमीटर, ते सामान्य नागरिकाला बंद. ही व्यवस्था इंग्रजांच्या काळातल्या धोरणाची शेपटी. राहिलं काय, तर मुख्यतः .३२ आणि .२२. आपल्याकडचा .३२ म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६ चं काडतूस. टिळक केसरीत लिहीत होते तेव्हाचं. काडतुसाच्या बुडावर 'केएफ' दिसलं की ते आपल्या खडकीचं.

पुणेकर_परागंदा (मंगळवार, रात्री १०:०४)
शेवटी पुण्याशिवाय बार उडत नाही तर.

दहाची_रिंग (मंगळवार, रात्री १०:२५)
आणि गंमत अशी की कमरेसाठी जे काडतूस 'किरकोळ' म्हणून हिणवलं जातं, तेच टार्गेटसाठी जगात नावाजलेलं आहे. पार्दिनी, वॉल्थर या कंपन्यांची सेंटर फायर पिस्तुलं याच काडतुसावर, फक्त वॉडकटर गोळीनं. वॉडकटर म्हणजे सपाट तोंडाची गोळी, पुंगळीच्या काठाबरोबर आत बसवलेली. कागदाला भोक असं पडतं की पंचिंग मशीननं मारलंय वाटावं. साध्या गोल गोळीनं कागद फाटतो आणि रिंगेवर वाद होतात. जसपाल राणा यांचं १९९४ च्या हिरोशिमा एशियाडमधलं सुवर्ण सेंटर फायरचंच.

राहिला तुमचा पाट्या पाडायचा प्रकार. आंतरराष्ट्रीय प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये रिव्हॉल्वरचा वेगळा गट असतो. पण किमान बोअर ९ मिलिमीटर, आणि गोळीचं वजन गुणिले वेग असा एक हिशेब आहे, तो शंभराच्या बराच पुढं भरावा लागतो. आपला .३२ सत्तरच्या आसपास. म्हणजे दारावरच अडवतील. अमेरिकेत जेरी मिक्युलेक यांनी १९९९ मध्ये सहा गोळ्या, रीलोड, परत सहा, हे सगळं २.९९ सेकंदांत केलं, पण ते .४५ चं रिव्हॉल्वर आणि सहा काडतुसं एकत्र धरणारी चकती घेऊन. ते बघून रिव्हॉल्वर घ्यायला जाऊ नका.

इतवारीकर (मंगळवार, रात्री १०:५०)
मी तेच बघून निघालो होतो. :(

नंदनवनचा_नंदी (बुधवार, सकाळी ११:१५)
लपवून नेण्यावर माझी एक फजिती. नाव-गाव विचारू नका.

मित्राच्या मुलाचं बारसं. झब्बा-पायजमा घातला, कमरेला होल्स्टर नव्हतं, नाडीत खोचलं रिव्हॉल्वर. गाडीवरून जाताना काही नाही, हॉलमध्ये उभं असताना काही नाही. पंगत खाली पाटावर. मांडी घालून बसलो आणि वाढायला आलेला पोट्टा वरणाचं भांडं हातात धरून तसाच उभा. मी म्हणालो, वाढ ना. तो म्हणतो, काका, तुमचं काहीतरी खाली पडून राहिलं. पाटाच्या कडेला मूठ. सासरेबुवांनी मला कोपऱ्यात घेतलं आणि हात जोडले, तुम्ही जेवू नका, निघा. श्रीखंड होतं हो.

तेव्हा काळाकोट ताई म्हणतात ते होल्स्टर आधी घ्या, रिव्हॉल्वर नंतर घेतलं तरी चालते. आणि विकत घेण्याआधी चार गोष्टी त्या होल्स्टरसकट करून बघा, जमिनीवर मांडी, गाडीवर बसणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं, आणि… जाऊ द्या, चौथी तुम्हीच शोधा. पँट खाली करावी लागते अशी जागा.

शंकासुर (बुधवार, सकाळी ११:३२)
चौथ्यावर सविस्तर लिहा.

मावशी_धरमपेठ (बुधवार, सकाळी ११:४०)
नको.

सावजी_सैराट (बुधवार, संध्याकाळी ७:२०)
निर्भीक आणि प्रबळ दोन्ही हाताळलेत, माझा स्वतःचा जुना टॉप-ब्रेक मार्क ३. त्यावरून सांगतो.

टॉप-ब्रेक म्हणजे वरची खिट्टी दाबली की नळी पुढं वाकते आणि सगळ्या पुंगळ्या एकदम बाहेर पडतात. जुन्या इंग्रजी वेब्ली रिव्हॉल्वरची पद्धत, निर्भीकही तसाच. बघायला झकास, पण ती बिजागरी आणि खिट्टी कालांतरानं सैल होते. सेकंडहँड बघताना बंद करून नळी हलक्या हातानं वर-खाली हलवा. खडखडली तर ठेवून द्या, कितीही चकाकत असो. मग घोडा चढवून सिलिंडर डाव्या-उजव्या बाजूला हलवून बघा. अर्थात हे सगळं आधी सहाही घरं रिकामी बघून, दुकानदारालाही दाखवून.

प्रबळ २०२३ मध्ये आला. त्याचं सिलिंडर बाजूला निघतं, नळी ७६ मिलिमीटर, वजन ७०० ग्रॅमच्या आतबाहेर. कंपनी ५० मीटरचा पल्ला सांगते. ५० मीटरवर मी घरचा माणूस बघितला तरी ओळखणार नाही, मारायचं कुठून. पण सांधा कमी असल्यामुळं बांधा घट्ट लागतो हे खरं, आणि चाप मला माझ्या मार्क ३ पेक्षा मऊ वाटला. जाड बोटांच्या लोकांनी मूठ धरून बघा, करंगळी खाली लोंबते.

दुकानदाराचा एक अनुभव. मला एकानं 'साहेब, हाच शेवटचा पीस' म्हणून घाईत गळ्यात मारायचा प्रयत्न केला. पुढच्या आठवड्यात गेलो, शेवटचा पीस तिथंच होता.

फौजी_कामठी (बुधवार, रात्री ८:०५)
सावजी बरोबर बोलले. एक जोड देतो. सिलिंडर आणि नळी यांच्यात जी फट असते तिथून गोळी सुटताना तापलेला वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात. दुसऱ्या हाताचं बोट पुढं गेलं की चटका, कधी जखम. एअर पिस्तूलवाल्यांना ही सवय नसते. पहिल्याच दिवशी लक्षात ठेवा.

सरावाला गोळ्या नाहीत ना? मग डमी राउंड (बार न उडणारी नकली काडतुसं) घाला, भिंतीकडं तोंड करा, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि घोडा न चढवता नुसता चाप ओढा. नाणं पडलं की परत. रोज वीस वेळा. नाणं पडायचं थांबलं की रेंजवर जा. पहिल्या महिन्यात माझ्या भाच्यानं पलंगाखालून सात नाणी काढली.

काळाकोट (बुधवार, रात्री ९:१०)
आणि आचारसंहिता? २०२४ मध्ये लोकसभा एप्रिलमध्ये, विधानसभा नोव्हेंबरमध्ये. दोन्ही वेळा हत्यारं जमा करायच्या नोटिसा आल्या. छाननी समिती प्रत्येकाचं बघून ठरवते असं कागदावर आहे, आणि स्पर्धेत उतरणाऱ्या नेमबाजांना सूट मागता येते. 'मी क्लबात जातो' एवढ्यावर मिळत नाही, असोसिएशनचं पत्र आणि स्पर्धेचा कागद जोडा. जमा करताना पावतीवर नंबर नीट तपासा. माझ्या एका पक्षकाराला दुसऱ्याचाच नंबर लिहून मिळाला होता, तो सोडवायला सहा महिने गेले.

दहाची_रिंग (बुधवार, रात्री ९:५५)
आता मूळ प्रश्नाकडं या. इतवारीकर, तुम्ही लिहिलंत 'एक जागा दुनळीनं अडवली आहे'. सगळा तिढा त्या वाक्यात आहे. ती दुनळी शेवटची कधी उडाली?

इतवारीकर (बुधवार, रात्री १०:३०)
मी बघितल्यापासून एकदाही नाही. दसऱ्याला खाली काढतो, झेंडूचं फूल लावतो, परत कपाटात.

दहाची_रिंग (बुधवार, रात्री १०:४१)
मग मार्ग दिसतोय. दुनळी कायदेशीर रीतीनं द्या, एक जागा मोकळी करा. कमरेला जे काय ते एक घ्या. दुसरी जागा राखून ठेवा, एअर पिस्तूल ५५० ला न्या, मावळणकर स्पर्धेपर्यंत (नॅशनलच्या आधीची मोठी नेमबाजी स्पर्धा) पोहोचा, मग खेळाडू म्हणून .२२ मॅच पिस्तुलाचा विचार करा. काडतुसंही स्वस्त आणि कोट्याचा प्रश्न वेगळा सुटतो. सेंटर फायर त्यानंतर, क्लबाच्या हत्यारावर.

उमरेडचा_शेतकरी (बुधवार, रात्री १०:५२)
बापाची बंदूक इकाले सांगता? माह्या पोटात गोळा आला वाचून.

फौजी_कामठी (बुधवार, रात्री ११:००)
शेतकरी दादा, तुमची डुक्कर हाकलते. यांची झेंडू धरते. फरक आहे. तरी घाईनं ठरवू नका, इतवारीकर.

इतवारीकर (रविवार, दुपारी ४:१८)
मंडळी, अपडेट.

फौजी साहेबांचं ऐकून गुरुवारी साखरेचे पुडे बांधून दुकानात बसलो. दुपारी तीनला नोकरानं विचारलं, मालक, पोट दुखते का? साडेपाचला सोडले.

आज सावजी भाऊंनी रेंजवर बोलावलं. त्यांच्या मार्क ३ नं त्यांच्याच देखरेखीत पाच गोळ्या मारल्या, १० मीटरवरून. पहिल्या दोन कागदावरच नाहीत. तिसरीला कळलं की मी चाप ओढतच नव्हतो, झटका देत होतो. एअर पिस्तूलचा वर्षभराचा रुबाब तिथंच उतरला. येताना फुटाळा तलावावर कणीस खाल्लं.

रिव्हॉल्वर अजून घेतलेलं नाही. मुदतवाढीचा अर्ज टाकतोय. आधी होल्स्टर, डमी राउंड आणि एक रुपयाची नाणी. प्रबळ मुठीत बरा बसला, पण करंगळी खरंच लोंबते.

दुनळीचं आईला भीत भीत विचारलं. मला वाटलं रडेल. म्हणाली, "काढ एकदाची. तीस वर्षं त्या कपाटाच्या किल्ल्या सांभाळतेय. तुझ्या बाबांनाही ती कधी आवडली नव्हती, आजोबांनी गळ्यात घातली म्हणून ठेवली."

मावशी_धरमपेठ (रविवार, संध्याकाळी ५:०२)
मी चहाला कधी येऊ?